खळ्यातली कुर्ली

आंब्याचा सीझन संपत आला की आमच्या घरात आंब्यापेक्षा बॉक्सची वाट जास्त बघितली जाते. पूर्वी लाकडी पेट्या असायच्या, आता सगळीकडे पुठ्ठ्याचे बॉक्स झालेत, आणि गाडीत माल चढवताना एखाद्याचा कोपरा दबतो, एखादा मिरगाच्या आधीच्या सरीत भिजतो, तो बाजूला पडतो. असे सगळे बाजूला पडलेले बॉक्स आमची लेक गोळा करून आणते, कटरने कापून सपाट करते, छापील बाजू खाली आणि कोरी बाजू वर, आणि रुंद चिकटपट्टीने एकाला एक जोडत जाते. आठ-दहा बॉक्सचा एक तुकडा होतो, खळ्यात, म्हणजे घरासमोरच्या अंगणात, मांडला की माणूस आडवं लोळेल एवढा. त्याला चांगले पंधरा दिवस हापूसचा वास येत राहतो आणि त्या वासात ही पोरगी खांद्यावरून गिरक्या घेत असते.

लेक चौदाची आहे, नववीत. ब्रेकडान्स करते. तिच्यासमोर ब्रेकडान्स म्हटलं की लगेच दुरुस्त करते, "आई, ब्रेकिंग म्हण", आणि करणारी ती बी-गर्ल. या पाच वर्षांत मी पण बरंच शिकले. टॉपरॉक म्हणजे उभ्याने नाचायचं ते, मग गो-डाऊन म्हणजे खाली उतरायचं, फुटवर्क म्हणजे हात जमिनीला आणि पाय हातांभोवती, विंडमिल, फ्लेअर वगैरे पॉवरमूव्ह म्हणजे हातां-खांद्यांवर अख्खं अंग गरागरा फिरवायचं, आणि फ्रीज म्हणजे गाण्याच्या बरोबर ठोक्यावर आहे तसं थिजायचं, भले डोकं खाली पाय वर असू देत.

हे लिहायला बसले त्याचं कारण एक प्रश्न आहे जो मला सारखा विचारला जातो, लग्नात, आचऱ्याच्या बाजारात, एसटीत शेजारी बसलेल्या बाईकडून. तुमच्या लेकीला हे खूळ कुठनं लागलं, हे आपल्याकडचं नाही ना. दर वेळी मी हसून काहीतरी बोलते आणि घरी आल्यावर रुखरुख लागते की नीट उत्तर द्यायला पाहिजे होतं.

सुरुवात झाली २०२० च्या मे महिन्यात. मुंबईतले चाकरमानी मिळेल त्या गाडीने गावाकडे येत होते आणि घरी जायच्या आधी चौदा दिवस शाळेत क्वारंटाईन. आमचं परसू शाळेच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला लागून आहे. शाळेत तेव्हा आमच्या वाडीतलाच एक पोरगा होता, विशीतला, मुंबईत कुरियरचं काम करायचा आणि रात्री तिकडच्या पोरांबरोबर ब्रेकिंग करायचा, हे त्याच्या घरी पण कोणाला धड ठाऊक नव्हतं. दिवसभर वर्गात बसून करणार काय, तर संध्याकाळ झाली की हा मोबाईल खिडकीत ठेवून व्हरांड्यात एकटाच प्रॅक्टिस करायचा. लेक तेव्हा नऊ वर्षांची, गडग्यावर बसून बघायची. जवळ जायला मनाई, त्यामुळे गडग्याच्या अलीकडे माडाखाली ती त्याचं बघून बघून करायला लागली आणि दोन-तीन दिवसांनी तो तिकडून ओरडून सांगायला लागला, हात लांब टाक, पाठ उचल, जमिनीकडे बघू नको. तिचा पहिला क्लास असा झाला, वीस हातांवरून, मास्क लावून. पंधराव्या दिवशी तो घरी गेला तेव्हा तिला सिक्स-स्टेप येत होतं, म्हणजे सहा पावलांत दोन्ही पाय अंगाभोवती गोल फिरवून परत पहिल्या जागी यायचं, आणि हात आळीपाळीने उचलून पायाला वाट द्यायची. ब्रेकिंगचा ग-म-भ-न म्हणतात तो हाच. लेक त्याला दादा म्हणते, अजूनही.

पाऊस लागला, खळं गेलं, प्रॅक्टिस पडवीत आली. आमच्या सासूबाई म्हणजे तिची आजी पडवीत आठळ्या सोलत बसायच्या आणि समोर ही सिक्स-स्टेप घालत असायची. दोन-तीन दिवस त्यांनी बघितलं आणि मग म्हणाल्या, "कुर्लेसारख्या काय सरपटतंस गो?" कुर्ली म्हणजे खेकडा, बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. ब्रेकिंगमध्ये प्रत्येकाला एक नाव लागतं, बॅटलमध्ये म्हणजे समोरासमोरच्या सामन्यात तेच पुकारतात, आणि ही महिनाभर इंग्रजी नावं शोधत होती. त्या दिवशी शोधायचं थांबली. बी-गर्ल कुर्ली.

पण मला सांगायचंय ते पुढच्या आठवड्यातलं. ही एक मूव्ह करत होती, उकिडवं बसायचं, एक हात मागे टेकायचा आणि एकदा डावा एकदा उजवा असे पाय उडी मारून समोर फेकायचे. सासूबाईंचा सोलायचा हात थांबला. म्हणाल्या, "थांब. ह्यां परत कर." हिने परत केलं. "अगो, ही तर बसफुगडी! हात कित्याक टेकतंस मगे?"

आणि उठल्या. सत्तर वय, गुडघे दुखतात म्हणून एरवी पाटावर बसत नाहीत, त्या बाईने पदर खोचला, एका हाताने पडवीचा खांब धरला, उकिडवी बसली आणि तोंडाने पकवा धरून, फू फू फू फू, चार वेळा पाय फेकले. चारच. पण कसे फेकले ते मी विसरणार नाही. टाच जमिनीला जेमतेम लागते न लागते, चवडा वर, मागचा गुडघा पुरता दुमडलेला, आणि सगळं अंग त्या मागच्या पायाच्या चवड्यावर तोललेलं, हाताचा आधार नाहीच, खांब नुसता भीतीपोटी धरलेला. लेक तोंड उघडं टाकून बघत होती. हात न टेकता कसं होतं हे तिला दादाने पण शिकवलं नव्हतं.

ज्यांनी फुगडी फक्त टीव्हीवर किंवा मंगळागौरीच्या कार्यक्रमात स्टेजवर बघितली आहे त्यांना वाटतं दोघींनी हात धरून गोल फिरलं की झाली फुगडी. बसफुगडी आहे, दंडफुगडी आहे, भुईफुगडी, कासवफुगडी, जातं, आणि लोळणफुगडीत तर जमिनीवर लोळायचंच असतं. पकवा म्हणजे तोंडाने धरलेला ताल, वाजवायला काही लागत नाही. लेक म्हणते आजी बीटबॉक्स करते.

मी स्वतः माहेरी दंडफुगडीत कोणाला हार गेलेली नाही. गौरीच्या रात्री वरच्या वाडीच्या एका बाजूला आणि खालच्या वाडीच्या एका बाजूला, आणि मध्ये जागा ठेवलेली, एक जोडी दमली की दुसरी उतरणार, बघणाऱ्या बायका टाळ्या वाजवून नावं ठेवणार, उखाण्यातून समोरचीची खोड काढणार, आणि समोरची तेवढ्याच जोरात परतवणार. आता मी बॅटल बघते तेव्हा मला अगदी तेच दिसतं, गोल करून उभी माणसं, त्यात एकीने उतरायचं, आपलं काय ते दाखवायचं आणि समोरचीकडे बघून हात पसरायचा, ये, आता तू दाखव. त्या गोलाला सायफर म्हणतात.

आणि फक्त बायकांचंच कशाला, आमच्या सिंधुदुर्गात डबलबारी भजनाला रात्र रात्र माणसं बसतात ती कशासाठी? दोन बुवा, दोन मंडळं, एकाने प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने आपल्या बारीत उत्तर द्यायचं, आणि गजर लागला, पखवाज चढला की अख्खा मांडव हलतो. तिकडे रत्नागिरीत जाखडीच्या शक्ती-तुऱ्यात हेच, गाणारे आणि ढोलकीवाला मध्ये बसलेले आणि नाचणारे भोवती गोल. दशावतारात तर संहिता पण नसते, समोरचा काय बोलेल ते ऐकून तिथल्या तिथे उत्तर. ब्रेकिंगमध्ये पण गाणं डीजेच्या हातात असतं, नाचणारीला आधी सांगत नाहीत, कानावर पडेल त्यावर नाचायचं. त्यामुळे "हे आपलं नाही" हे मला पटत नाही. आपल्याकडे हे सगळं आहे. फक्त पुरुषांना ते शिमग्यापासून जत्रेपर्यंत सगळं वर्ष मोकळं होतं आणि आम्हाला नागपंचमी, हरतालिका आणि गौर, म्हणजे मोजून तीन-चार रात्री, त्या पण दार लोटून, घरातल्या घरात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बायका चुलीपाशी, अंग ठणकतंय म्हणायची पण चोरी. माझी लेक काय करते, तर त्या चार रात्रींचं तीनशे पासष्ट दिवस करते. लोकांना खुपतं ते एवढंच, असं मला वाटतं.

ब्रेकिंगची गोष्ट जिथून सुरू होते ती पण मी वाचली, लेकीने लावून दिलेले व्हिडिओ पण बघितले. न्यूयॉर्कमधला ब्रॉन्क्स भाग, सेजविक ॲव्हेन्यूवरची १५२० नंबरची बिल्डिंग, ११ ऑगस्ट १९७३. तिथल्या हॉलमध्ये एक पार्टी झाली आणि तिथे १८ वर्षांचा क्लाईव्ह कॅम्पबेल, ज्याला कूल हर्क म्हणतात, तो रेकॉर्ड वाजवत होता. त्याच्या लक्षात आलेलं की गाण्यात मध्येच जो नुसत्या ड्रमचा तुकडा येतो, तो ब्रेक, त्याचीच पोरं वाट बघत असतात, म्हणून त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन रेकॉर्ड-प्लेअरवर ठेवून तोच तुकडा परत परत लांबवायची युक्ती काढली. त्या ब्रेकवर नाचणारे ते बी-बॉय आणि बी-गर्ल. हे सगळं ठीक, पण ती पार्टी भरवली कोणी? त्याच्या बहिणीने, सिंडी कॅम्पबेलने. शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते म्हणून. मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट तिकीट लावलेलं. म्हणजे जगभर पसरलेल्या या सगळ्या पसाऱ्याच्या मुळाशी शाळेत चांगले कपडे घालून जायचं स्वप्न बघणारी एक मुलगी आहे. हे मी सासूबाईंना सांगितलं तर त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही, म्हणाल्या चतुर्थीची सगळी तयारी पण बायकाच करतात आणि आरतीला पुढे कोण असतं बघ.

बरं, सगळं असं गोड गोड झालं नाही. अकरा वर्षांची असताना तिचं मनगट गेलं, आणि ते माझ्यामुळे गेलं. जुलैचा महिना, पडवीची लादी पाझरत होती, आणि पाझरलेल्या लादीवर तळहात सरकतो हे तिने मला सांगितलं होतं, आज नको करू का म्हणून. मी म्हटलं पुसून घे आणि कर, उगाच कारणं सांगू नको. विंडमिल घेताना हात निसटला आणि सगळं वजन उलट्या मनगटावर आलं. हेअरलाईन फ्रॅक्चर, तीन आठवडे प्लास्टर. तिचे बाबा म्हापशाला कामाला असतात, रविवारी घरी येतात. त्या रविवारी आले आणि जेवताना एकच बोलले, "हाडां मोडतली तेव्हा बघतलो कोण?" नंतर दोन रविवार याच्यावर एक शब्द नाही. तिसऱ्या रविवारी पिशवीतून माशाच्या मसाल्याबरोबर व्हॉलीबॉलचे नी-पॅड निघाले, एक जोडी, काळे, तिच्या मापापेक्षा मोठे. काही न बोलता टेबलावर ठेवले आणि आंघोळीला गेले.

त्या तीन आठवड्यांत काय करायचं म्हणून तिने दादाला फोन केला. तो तेव्हा परत मुंबईला गेला होता. तो म्हणाला बरं झालं, तुझा टॉपरॉक कच्चा आहे, आता हात नाहीत तर पायच शिक. तीन आठवडे ही पोरगी प्लास्टर छातीशी धरून उभ्याने नाचली, गाणी ऐकून ऐकून कुठे ठोका पडतो कुठे खाली जातो ते पाठ केलं. आज तिचं बघणारे म्हणतात ती गाणं ऐकते, बाकीची पोरं नुसती वाजतंय त्यावर उड्या मारतात, ते या तीन आठवड्यांतलं.

प्लास्टर निघाल्यावर हात काडीसारखा झाला होता. सासूबाई रोज रात्री उंडीच्या तेलाने मनगट चोळायच्या आणि तळहाताला भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तेल, घासायच्या कारण पुठ्ठ्यावर आणि लादीवर घासून तिचे तळवे आमच्या पावसाळ्यातल्या टाचांसारखे फुटतात. फ्लेक्सची युक्ती तिने त्याच सुमारास काढली. कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा मोठा फ्लेक्स पावसात पडला होता, तो मागून आणला, उलटा करून चारी कोपऱ्यांना टेप लावली, पाझरणाऱ्या लादीवर तोच बरा.

मनगटापेक्षा जास्त दुखलं ते पुढच्या वर्षी. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिने दीड मिनिटाचं केलं. डोकं खाली पाय वर झाल्यावर टी-शर्ट खाली घसरला, पोट दिसलं, आत स्लिप होती, पण कोणीतरी नेमकं तेवढंच शूट केलं आणि रात्रीपर्यंत ते गावच्या ग्रुपवर फिरत होतं. खाली काय काय लिहिलं होतं ते मी इथे देणार नाही. सकाळी पाणी भरताना शेजारची मला हळूच म्हणाली, "चेडू वाढता हा, जरा आवरा तेका." ती वाईट बाई नाही, माझ्या अडीअडचणीला पहिली धावते, म्हणून जास्त लागलं. मी घरी आले आणि लेकीला सांगितलं, पुरे झालं, बंद.

अकरा दिवस बंद होतं. ती भांडली नाही, रडली पण नाही, पुठ्ठ्याची घडी करून खाटेखाली सरकवली आणि शाळेतून आली की अभ्यासाला बसायची. तेरा वर्षांची पण नाही झालेली मुलगी आणि तिच्या चालण्यातला ठोकाच गेला. बाराव्या दिवशी सासूबाईंनी मला चुलीपाशी गाठलं. आवाज चढवला नाही. "गौरीच्या राती फुगडी घालताना तुझो पदर जाग्यार रवता काय गो?" एवढंच विचारलं आणि पिठात हात घातला.

मी काय उत्तर देणार? पदर कधीच जागेवर राहिला नाही. केस सुटले, निऱ्या सुटल्या, आम्ही खोचून परत उतरलो. फरक एवढाच की तिथे आम्हाला बघणारं कोणी नव्हतं. आणि म्हणून मुलीने नाचणं थांबवायचं? त्याच दुपारी शिलाई मशीन बाहेर काढलं. तिच्या तीन टी-शर्टना खाली रुंद इलॅस्टिक लावून ते सायकलिंग पँटला आतून बटणाने अडकतील असं केलं, म्हणजे उलटी झाली तरी जागचे हलत नाहीत. जुन्या गोधडीचा तुकडा कापून खांद्याच्या आणि कमरेच्या हाडावर येईल असं अस्तर शिवलं, कारण विंडमिलमध्ये नेमकं तिथेच काळंनिळं होतं. त्या गोधडीत माझ्या आईची लुगडी आहेत. रात्री ते सगळं तिच्या उशाशी ठेवलं, आणि सकाळी खाटेखालचा पुठ्ठा खळ्यात होता. ग्रुपवर मी पण लिहिलं, पहिल्यांदाच, माझ्या मुलीचा व्हिडिओ टाकायचा असेल तर पूर्ण दीड मिनिटाचा टाका. कोणी टाकला नाही, पण परत कोणी काही लिहिलं पण नाही.

मग आलं पॅरिस. ब्रेकिंग ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं ते २०२४ ला, आणि मुलींची स्पर्धा होती ९ ऑगस्टला. त्या दिवशी नागपंचमी. सकाळी पातोळ्या झालेल्या, हळदीच्या पानांचा वास घरभर, संध्याकाळपासून पाऊस आणि लाईट गेलेली. मोबाईलमध्ये थोडी बॅटरी, त्यात आम्ही तिघी एका खाटेवर.

सगळ्यात पहिली बॅटल लागली तीच बघताना माझ्या अंगावर काटा आला. एकीचं नाव इंडिया, ती नेदरलँड्सची. दुसरी तलाश, निर्वासितांच्या टीममधून आलेली अफगाण मुलगी, काबूलमध्ये मुलांच्या घोळक्यात एकटी मुलगी म्हणून शिकलेली, नंतर देश सोडावा लागला. नाचता नाचता तिने अंगावरचं काढून पाठीवरची निळी झूल पसरली, त्यावर लिहिलं होतं, अफगाण स्त्रियांना मुक्त करा. राजकीय घोषणा चालत नाही म्हणून तिला बाद केलं. सासूबाईंना मी अर्थ सांगितला. त्या मोबाईलच्या उजेडात बराच वेळ गप्प होत्या, मग त्यांनी विचारलं की या मुलीची आई कुठे आहे. मला माहीत नव्हतं.

रात्री उशिरापर्यंत जागलो. फायनलला जपानची अमी आणि लिथुआनियाची निका, निका तर अवघी १७ वर्षांची. अमी मोठ्या बहिणीच्या मागे मागे जाऊन नाच शिकलेली. तिला घाई नसते हो. पाय इतके मऊ फिरतात, खाली उतरते ते कळत पण नाही, कुठे खटका म्हणून नाही. नऊ परीक्षक होते आणि पाच गोष्टींना सारखे गुण, तंत्र, मूव्हजचा साठा, सफाई, गाण्याशी जुळणं आणि स्वतःचं असं काहीतरी. अमी जिंकली, ब्राँझ चीनच्या ६७१ नावाच्या मुलीला मिळालं. लेक नुसती म्हणत होती, बघ आई, तिचं फुटवर्क बघ.

दुसऱ्या दिवसापासून लोकांनी आम्हाला काय पाठवलं, तर ऑस्ट्रेलियाच्या त्या रेगनचा व्हिडिओ, जिला एकही गुण मिळाला नाही. हसण्याच्या इमोजीसकट, किमान तीस जणांनी. अमीचा एकाने पण नाही. आणि त्याच्या पाठोपाठ बातमी, २०२८ च्या लॉस एंजेलिसला ब्रेकिंग नाहीच. आता कशाला म्हणून सल्ले सुरू. लेकीला त्याने काडीचा फरक पडला नाही, ती म्हणाली ऑलिम्पिक आत्ता आलं, लोक पन्नास वर्षं नाचतायत. आपल्या देशात पण मुली आहेतच, बंगळुरूची जोहाना रॉड्रिग्ज आहे जी जो नावाने बॅटल करते, मुंबईची सिद्धी तांबे आहे, बार-बी. तिने सिद्धीचं नाव सांगितलं तेव्हा सासूबाई एकदम सावरून बसल्या, तांबे म्हणजे खयचे?

बॅटलला ती दोनदा गेली आहे, दोन्ही वेळा मुंबईला, कोकणकन्येच्या जनरल डब्यातून, दिव्याला नणंदेकडे मुक्काम करून. पहिल्या वेळी बारा वर्षांची होती आणि प्रिलिममध्येच, म्हणजे पहिल्या चाळणीतच गेली. मुंबईच्या पोरींचे शूज, त्यांचा आवाज, त्यांचं एकमेकींना टाळ्या देणं बघूनच ती आक्रसली. गुळगुळीत लाकडी फ्लोअर तिने जन्मात बघितला नव्हता, पुठ्ठ्याच्या हिशोबाने जोर लावला आणि विंडमिलमध्ये सरकत जाऊन स्पीकरला लागली. मिनिटभरात संपलं. येताना गाडीत रात्रभर खिडकीला डोकं लावून बसली होती, खेड गेलं, चिपळूण गेलं, झोप नाही, मी तिच्या पाठीवर नुसता हात ठेवून बसले होते.

दुसरी वेळ या वर्षी फेब्रुवारीत. प्रिलिम पार केली, सोळांतून आठांत आली, तिथे समोर तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी मुंबईची मुलगी. दोन दोन राऊंड. पहिल्यात हिने सगळं नीट केलं, पण समोरचीच्या पॉवरमूव्ह भारी होत्या, कोणी पण सांगेल. दुसऱ्या राऊंडला डीजेने जरा संथ, ढोलकीच्या अंगाने जाणारा ब्रेक लावला. ही टॉपरॉक करत मध्ये आली, थांबली, आणि एकदम उकिडवी बसली. दोन्ही हात कमरेवर. आणि बसफुगडी. हात न टेकता, ठोक्यावर, डावा उजवा डावा उजवा, टाच जेमतेम जमिनीला, चवडा वर, तसंच गोल फिरत फिरत सगळ्या सायफरला एक वेढा घातला आणि शेवटच्या ठोक्याला तशीच मागे पडून खांद्यावर फ्रीज. पोरं ओरडली. मी मागे उभी होते, माझ्या तोंडातून पकवा कधी सुटला मला कळलं नाही, बाजूचा मुलगा वळून बघायला लागला.

तीन परीक्षक, आकडे मोजून एकदम हात दाखवतात. दोन हात तिकडे, एक इकडे. हरली.

दोघींनी मिठी मारली, ती तर पद्धतच आहे. पण अर्ध्या तासाने, आम्ही बाहेर वडापाव खात होतो तेव्हा ती मुलगी शोधत आली. "वो बैठके वाला क्या था? सिखा ना." या जगात दुसऱ्याचं उचलणं फार वाईट समजतात, त्याला बाईट म्हणतात, आमच्याकडे बुवाने दुसऱ्या बुवाची चाल चोरली तर जशी बोंब होते तसंच. पण समोर येऊन विचारलं तर शिकवतात, आणि शिकणारा पुढे कोणाकडून शिकला ते सांगतो. लेकीने वडापावचा कागद माझ्या हातात दिला, आणि तिथेच फुटपाथवर दोघी उकिडव्या बसल्या. ती मुलगी दोनदा मागे पडली. लेक तिला म्हणाली, "हाथ मत टेक. ये मेरी आजी का है, आजी हाथ टेकने नहीं देती."

सकाळी सातच्या सुमारास घरी पोचलो. सासूबाई खळ्यात उभ्या होत्या, हातात वाढवण, म्हणजे झाडू. हरली हे त्यांना फोनवर आधीच कळलेलं, त्याचं काही विचारलं नाही. बॅग खाली ठेवायच्या आधी लेकीने सांगायला सुरुवात केली, बसफुगडी घातली, पूर्ण वेढा घातला, सगळे ओरडले, मग त्या मुलीला पण शिकवली. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, ती वाढवण भिंतीला टेकवली आणि विचारलं, "खयच्या पायान सुरू केलंस?"

"डाव्या."

"म्हणान हरलंस. उजव्यान सुरू करूक होया," म्हणाल्या आणि पदर खोचायला लागल्या.